बाम, अमृतधारा आणि उशिरा विचारलेला प्रश्न

बोरघाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडला. टाळेबंदीमुळे रस्ता ओस होता, ती संधी साधली गेली. १८३० साली इंग्रजांनी मुंबई-पुणे रस्ता घाटातून गाडीजोगा केला, त्या वेळचा हा दगडी पूल. उद्घाटन करणाऱ्या गव्हर्नर माल्कमचं नाव त्याला चिकटलं नाही, बांधणाऱ्या इंजिनिअरचंही नाही. चिकटलं ते शेजारच्या जाहिरात-फलकावरचं, एका पिवळ्या मलमाचं. बारामती-इंदापूरहून एसटीने मुंबईला निघालेल्या माणसांसाठी अमृतांजन आलं म्हणजे घाट उतरायला लागला, एवढी खूण पुरेशी होती.

डोकेदुखीच्या औषधाचं नाव पुलाला मिळावं इतकं ते घराघरात होतं. पण त्या बाटलीत जे चार-पाच पदार्थ एकत्र केले होते, ते एकत्र केल्याने दुखणं जास्त कमी होतं का, हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं कुणी रीतसर विचारला नाही. त्वचेवर लावायच्या वेदनाशामक मिश्रणांचा इतिहास म्हणजे बराचसा हा न विचारलेला प्रश्न, आणि तो अखेर विचारला गेला त्याची हकिगत.

अमृतांजन आज मद्रासचं समजलं जातं, पण त्याचा जन्म मुंबईचा. कृष्णा जिल्ह्यातून आलेले काशीनाधुनी नागेश्वरराव पंतुलू हे मुंबईत युरोपीय पेढीत नोकरी करत होते. १८९३ साली त्यांनी हा बाम बाजारात आणला. संगीताच्या बैठकांत आणि सभांमध्ये फुकट डब्या वाटून त्यांनी गिऱ्हाईक जमवलं, असं सांगतात. मलमाच्या पैशावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढलं. पुढे पत्रिका मद्रासला गेली, धंदाही तिकडे गेला, १९३६ मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली. स्वातंत्र्य चळवळीला आणि आंध्र प्रांताच्या मागणीला या मलमाने किती पैसा पुरवला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुंबईत १९१० मध्ये जुगतराम वैद्यांनी झंडू फार्मास्युटिकल वर्क्स सुरू केलं. आजोबा झंडू भट्ट जामनगरचे नावाजलेले वैद्य, त्यांचं नाव कारखान्याला दिलं. शंभर वर्षांनी, २०१० मध्ये, झंडू बाम एका हिंदी सिनेगीतात शिरला. कंपनीने आधी नोटीस काढली आणि मग त्याच गाण्यातल्या नर्तिकेला जाहिरातीत घेतलं. व्यवहारज्ञान शाबूत असलेले लोक!

हे सगळं काही आपलंच वैशिष्ट्य नव्हतं. रंगूनमध्ये ऑ कुटुंबाचा टायगर बाम, फ्रान्समध्ये डॉक्टर बेंग्वेचं मलम, अमेरिकेत लन्सफर्ड रिचर्डसनचं व्हिक्स, सगळी त्याच दोन-तीन दशकांतली मंडळी. आणि सगळ्यांच्या बाटल्यांत फिरून फिरून तेच: कापूर, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचं फूल, निलगिरीचं तेल, गंधपुऱ्याचं तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट.

बाम येण्याआधी आपल्याकडे काय होतं? मुका मार लागला तर आंबेहळद, तुरटी आणि एळिया उगाळून गरम लेप. पाय मुरगळला तर निर्गुडीच्या पाल्याचा शेक किंवा एरंडाचं पान तेल लावून बांधणं. गुडघा धरला तर बिब्बा. बिब्ब्याचा चटका लावला की कातडीला फोड येई, ती जळजळ इतकी की आतलं दुखणं विसरायला होई. काही ठिकाणी तर सरळ डाग देत. या सगळ्यांमागचा विचार एकच होता: आतल्या दुखण्यावर बाहेरचं दुखणं घालायचं. इंग्रजी वैद्यकातही एकोणिसाव्या शतकात हाच विचार मान्य होता, मोहरीची पोटिसं त्यातूनच आली. बामने त्यातला फोड काढून टाकला आणि नुसती चुणचुण ठेवली. त्याच्या यशाचं अर्धं कारण मला तरी हेच वाटतं.

बामची डबी उसाच्या फडातही पोचली. नीरा कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरचा पट्टा उसाचा केला. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर ही नावं कारखान्यांची, आणि कारखाना म्हटला की दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या तोडणीच्या टोळ्या आल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात शिरायचं. वाकून बुडख्याशी घाव घालायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाचटाच्या धारेने हातांवर बारीक चिरा पडतात आणि उसाची कूस कातडीत शिरून रात्रभर सलते. संध्याकाळी कोपीत चूल पेटली की आधी बामची छोटी डबी निघते. मान, खांदे, कंबर, मग उरलेलं बोटाला लागलेलं कपाळावर. कूस शिरलेल्या चिरांवर बाम लागला तर आगडोंब उसळतो, म्हणून बाया मनगटापाशी हात थांबवतात. कंबरेचं दुखणं आणि कातडीचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका डबीत दोन्हींवरचं औषध नाही, एवढं औषधशास्त्र त्यांच्या बोटांना पाठ असतं.

बामची चुणचुण नेमकी कशी होते हे कळायला विसावं शतक सरत यावं लागलं. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ मज्जातंतूंच्या टोकावरच्या ज्या प्रथिनाला चेतवतो, ते डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं. तेच प्रथिन भाजणाऱ्या उष्णतेनेही जागं होतं, म्हणून मिरची ‘तिखट’ न लागता ‘जळते’. २००२ मध्ये मेंथॉलने आणि थंडीने जागं होणारं दुसरं प्रथिन सापडलं, तेही ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांच्या गटांना स्वतंत्रपणे. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे बाम लावल्यावर कपाळ थंड होत नाही, कपाळाला थंड झाल्याची बातमी दिली जाते. त्या बातमीच्या गडबडीत दुखण्याची बातमी मागे पडते. दुसऱ्या संवेदनेने वेदनेची वाट अडवता येते, हा सिद्धान्त रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्येच मांडला होता. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, त्याचंही शास्त्र तेच.

इथे एक पेच आहे. चोळण्यानेच बरं वाटत असेल, तर बामने काय केलं? आणि बामने केलं असेल तर त्यातल्या कापराने केलं, मेंथॉलने केलं, की दोघांनी मिळून?

याचं उत्तर काढायची रीत साधी आहे. चार ट्यूबा भरायच्या. पहिलीत फक्त एक औषध, दुसरीत फक्त दुसरं, तिसरीत दोन्ही, चौथीत औषध नसलेला नुसता आधार. रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटायचे, कोणाच्या हाती कोणती ट्यूब आहे हे देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. तिसरी ट्यूब उरलेल्या तिघींपैकी, म्हणजे दोन्ही एकेरी औषधं आणि कोरा आधार यांपैकी, प्रत्येकीपेक्षा सरस ठरली नाही तर मिश्रणाला अर्थ नाही. बामच्या बाबतीत यात मोठी गंमत होते: कोरी ट्यूब उघडताक्षणी ओळखू येते, कारण तिला वास नाही. सॅलिसिलेटच्या मलमांच्या चाचण्या करणाऱ्यांना ही अडचण वर्षानुवर्षं छळत आली आहे.

मिश्रणाला खरोखर अर्थ असतो, त्याचं एक उदाहरण मात्र आपल्या फडताळातच होतं.

अमृतधारा जुन्या घरांत असायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मांनी ती या नावाने देशभर पोचवली, पण करायला इतकी सोपी की लोक घरीच करू लागले. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल. तिन्ही पांढरे, कोरडे खडे. समभाग घेऊन काचेच्या बाटलीत टाकायचे, बूच लावायचं आणि हलवायचं. पाणी नाही, तेल नाही, आच नाही. थोड्या वेळात खड्यांच्या कडा ओलावतात, ते एकमेकांना चिकटतात आणि शेवटी बाटलीत तळाशी झुळझुळीत तेलासारखा द्रव उरतो. दातावर, विंचवाखेरीज बारीकसारीक किड्यांच्या दंशावर, कपाळावर, पोटात दुखलं तर बत्ताशावर एक थेंब. फार्मसीच्या मुलांना हा चमत्कार डिस्पेन्सिंगच्या प्रात्यक्षिकात करून दाखवतात. काही घन पदार्थ एकमेकांच्या सहवासात आपल्या मूळ वितळणबिंदूच्या खूप खाली वितळतात, हे त्यामागचं कारण. याला युटेक्टिक मिश्रण म्हणतात.

आता स्टॉकहोम. तिथे निल्स लोफग्रेन आणि त्याचा तरुण विद्यार्थी बेंट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिडोकेन तयार केलं. आपले डॉक्टर त्याला लिग्नोकेन म्हणतात. लुंडक्विस्टने स्वतःलाच टोचून पाहिलं की बोट बधिर होतं का. अॅस्ट्रा कंपनीने हक्क घेतले आणि १९४८ मध्ये झायलोकेन बाजारात आलं. दात काढताना आपल्या हिरडीत जे इंजेक्शन देतात ते बहुतेकदा याच घराण्याचं. पण अडचण अशी की बधिर करायलाही सुई टोचावीच लागे. धडधाकट कातडीवर नुसतं चोळून लिग्नोकेन आत फारसं जात नाही. कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कागदाहून पातळ, पण औषधाला अडवायला तो पुरतो. लिग्नोकेन हा ६८ अंशांना वितळणारा घन पदार्थ. तो तेलात विरघळवून क्रीम केलं तर तेलाच्या थेंबात जेमतेम पाचवा हिस्सा औषध मावे.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अॅस्ट्राच्या फ्रेड ब्रोबर्ग आणि हान्स एव्हर्स यांनी लिग्नोकेनमध्ये त्याचंच भावंड प्रिलोकेन समभाग मिसळलं. प्रिलोकेन ३७-३८ अंशांना वितळतं. दोघं मिळून १८ अंशांनाच वितळली, म्हणजे घरातल्या साध्या तापमानाला तेल झाली. विरघळवायला वेगळं तेल घालायची गरजच उरली नाही. थेंबच औषधाचा झाला, त्यातलं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं, आणि तरीही एकूण क्रीममध्ये औषध फक्त ५ टक्के, अडीच टक्के याचं, अडीच त्याचं. तत्त्व अमृतधारेचंच.

उप्सालाचे त्वचारोगतज्ज्ञ लेनार्ट युहलिन यांच्यासह या दोघांनी १९८० मध्ये पहिले निष्कर्ष छापले. चाचणीची पद्धत पाहण्याजोगी आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या हातावर क्रीमचा जाड थर द्यायचा, तो चोळायचा नाही, वर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची, तासभर थांबायचं. मग पुसून टाचणीने टोचत जायचं आणि विचारायचं: कळलं का? दुखलं का? शेजारी कोऱ्या क्रीमचा ठिपका असायचा. तासाभरात सुमारे तीन मिलिमीटर खोलीपर्यंत कातडी बधिर होते, दोन तासांत सुमारे पाच. पुढे लहान मुलांच्या रक्ततपासणीत, कातडीचे तुकडे घेताना, मस काढताना त्याची पारख झाली. ‘एम्ला’ नावाने ते जगभर गेलं, अमेरिकेत १९९२ अखेर त्याला परवानगी मिळाली. आपल्याकडे हे मिश्रण देशी कंपन्याही करतात. आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया टोचून घेणारे डायलिसिसचे रुग्ण आणि दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारी थॅलेसिमियाची मुलं, यांना त्याची किंमत विचारा. बाकी घाईच्या ओपीडीत तासभर कुणी थांबत नाही, आणि पाच मिनिटांत पुसलेलं क्रीम काम करत नाही म्हणून औषधालाच नावं ठेवली जातात.

चांगल्या मिश्रणालाही दात असतात. प्रिलोकेनच्या विघटनातून निघणाऱ्या पदार्थामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं. तान्ही मुलं निळी पडू शकतात. अमेरिकेत लेझरने केस काढण्याआधी दोन तरुणींनी औषधदुकानांत बनवलेली जास्त तीव्रतेची बधिरीकरणाची मिश्रणं पायांवर थापून वर प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले आणि त्या दगावल्या. तिथल्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये त्यावर जाहीर इशारा दिला. कातडीवर लावलेलं औषध कातडीवरच राहतं, ही समजूत त्या इशाऱ्याने खोटी ठरवली.

हे पदार्थ एकत्र का, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने कधी विचारला? सर रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये भेसळीच्या औषधांचा पंचनामा केला. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. पण तो शुद्धतेचा कायदा होता, बाटलीवर लिहिलंय ते बाटलीत आहे ना, एवढं पाहणारा. ते तिथे एकत्र का आहे, हे विचारण्याचा अधिकार केंद्राकडे ठळकपणे आला तो १९८० च्या दशकात: १९८२ मध्ये तर्कहीन औषधावर बंदी घालण्याचं कलम आलं, आणि १९८८ पासून ठरावीक मात्रेच्या मिश्रणांना नवं औषध समजून पुरावा मागायचा नियम झाला. राज्यांचे परवाना अधिकारी मात्र केंद्राला न विचारता मिश्रणांना परवाने देत राहिले. संसदेच्या स्थायी समितीने मे २०१२ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

मग नेमली गेली कोकाटे समिती. चंद्रकांत कोकाटे हे तेव्हा बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू. महाराष्ट्रातल्या फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ, कारण पुण्याच्या निराली प्रकाशनाचं कोकाटे-पुरोहित-गोखले यांचं वनौषधींवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक वाचल्याशिवाय परीक्षा सुटत नाही. कापूर, पुदिना, निलगिरी, सगळं त्यात आहे. समितीसमोर सहा हजारांवर मिश्रणांचे कागद आले. १० मार्च २०१६ रोजी त्यांतल्या ३४४ मिश्रणांवर बंदी आली. गोळ्या-सिरप तर होतेच, पण कातडीवर लावायच्या मलमांची मोठी रांगही होती: एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने वर्षभराने प्रकरण तज्ज्ञांकडे परत धाडलं. मुंबईच्या ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने पुन्हा छाननी केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६.

या सगळ्या धुमश्चक्रीत बामच्या बाटलीला मात्र धक्का लागला नाही, कारण ती आयुर्वेदिक परवान्यावर विकली जाते. बाटलीवर मेंथॉल असतं ‘पुदिना सत्त्व’ म्हणून आणि मिथाइल सॅलिसिलेट ‘गंधपुरा तेल’ म्हणून. रेणू तोच, खातं वेगळं. पारंपरिक ग्रंथांतले घटक असले की चार ट्यूबांचा हिशेब कुणी मागत नाही.

बाहेर तो हिशेब मागितला गेला. कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनांत सॅलिसिलेटयुक्त चोळायच्या मलमांना ताज्या दुखापतीत पुराव्याचा आधार मिळाला नाही, जुनाट दुखण्यातही ती फिकी ठरली. उलट डायक्लोफेनॅकची काही जेल मुरगळणं-लचकणं यांत चांगलीच उतरली. आपल्या बाजारातल्या बऱ्याच जेलमध्ये मात्र डायक्लोफेनॅकबरोबर मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेट आणि जवसाचं तेल अशी वरात असते. डायक्लोफेनॅकचा पुरावा पुढे करून अख्खी वरात जेवून जाते. बाम निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या मानेवर कुणीतरी पाच मिनिटं हात फिरवतं, याचं मोल कोणत्याही चाचणीने कमी होत नाही. पण ती डबी रोजच्या मजुरीतून विकत घेतली जाते, तेव्हा त्यातल्या कोणत्या घटकाचे पैसे आपण देतोय हे विचारायचा हक्क तोडणीवाल्यांनाही आहे.

एक गोष्ट आजच सांभाळा. गंधपुऱ्याच्या निव्वळ तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे सात ग्रॅम अॅस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, लहान मुलाच्या जिवावर बेतायला ते पुरेसं आहे. कापराचंही तसंच. कोपीत असो वा फ्लॅटमध्ये, या बाटल्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका. तान्ह्याच्या नाकाशी बाम चोळू नका, आणि बाम लावलेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका.

आणि एक मागणी. बारामतीत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, माळेगावला फार्मसी कॉलेज आहे, आणि दर हंगामात मान-खांदे-कंबर दुखणारी हजारो माणसं फडाफडांत मुक्कामाला असतात. चार ट्यूबा, वास सारखा, चिठ्ठ्या टाकून वाटप, माणसांची रीतसर संमती आणि नैतिकता समितीची परवानगी. यापेक्षा जास्त काही लागत नाही. येत्या गळीत हंगामात या दोन संस्थांनी आणि कारखान्यांनी मिळून ही चाचणी हाती घ्यावी, आणि निकाल आधी कोप्यांमध्ये जाऊन मराठीत वाचून दाखवावा.